नाहीतरी घरीच असतात

आई गेली त्याला चार महिने झाले होते, तेव्हा मी एका पतसंस्थेत हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. वय ४३. समोर तिघे जण बसले होते. अर्ज चाळत मधल्या गृहस्थांनी विचारले, "मधली सहा वर्षे काय केलेत?" आईला अर्धांगवायू झाला होता, तिचे सगळे अंथरुणातच होते, असे मी सांगितले. "म्हणजे घरीच होतात," असे म्हणत त्यांनी कागदावर काहीतरी टिपले. त्यात दुष्टावा नव्हता. अर्जावर 'अनुभव' असा रकाना होता आणि त्यात लिहिण्याजोगे माझ्यापाशी सहा वर्षांत काही जमले नव्हते. औषधांच्या वेळा, दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीच्या जखमेची मलमपट्टी, तीन डॉक्टरांच्या तीन तऱ्हा, विमा कंपनीशी पत्रव्यवहार आणि या सगळ्याचा पै-पैचा हिशेब या गोष्टी त्या रकान्यात बसणाऱ्या नव्हत्या.

ती नोकरी मला मिळाली नाही. पुढे दुसरी मिळाली, तो या लेखाचा विषय नाही. पण एक प्रश्न तेव्हापासून मागे लागला. ज्याला सांभाळले ते माणूस गेल्यावर, किंवा थोडे सावरल्यावर, सांभाळणाऱ्याने कामाच्या जगात परत कसे यायचे, याचा विचार कोणी केला आहे का? शोधता शोधता मी ब्रिटनपाशी पोचलो. या प्रश्नाला तिथे संघटना, भत्ते, खटले आणि कायदे असा भरघोस लेखी इतिहास आहे. तो इतिहास बहुधा भत्त्यांच्या अंगाने सांगितला जातो. मला त्यातला परतीच्या वाटेचा धागा तपासायचा होता.

सुरुवातीलाच शब्दाची अडचण येते. इंग्रजीत 'केअरर' हा शब्द या अर्थाने रुळला तोही १९७०-८० च्या दशकांत. मराठीत क्रियापदे भरपूर आहेत. आपण दुखणाईताची उस्तवार करतो, शुश्रूषा करतो, हवे-नको बघतो. करणाऱ्याला मात्र नाव नाही. 'काळजीवाहू' म्हटले की राजीनामा देऊन बसलेले मुख्यमंत्रीच डोळ्यांपुढे येतात. म्हणून या लेखात मी 'सांभाळणारा', 'सांभाळणारी' असेच म्हणणार आहे.

*

ही गोष्ट १९६५ साली सुरू होते, असे सहसा लिहिले जाते. मी ती तीस वर्षे मागे नेतो.

१९३५ साली ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावात फ्लॉरेन्स व्हाइट या बाईंनी 'नॅशनल स्पिन्स्टर्स पेन्शन्स असोसिएशन' काढली. अविवाहित स्त्रियांना ५५ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळावे, ही त्यांची मागणी. त्यांच्या युक्तिवादात एक मुद्दा असा होता की, यांतल्या कित्येक जणींनी ऐन उमेदीत नोकरी सोडून आईबाप सांभाळले आणि मोकळ्या झाल्या तेव्हा पन्नाशीच्या बाईला कामावर घ्यायला कोणी तयार नव्हते. सरकारने चौकशी समिती बसवली, १९३९ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९४० च्या कायद्याने स्त्रियांचे निवृत्तीचे वय ६५ वरून ६० वर आले. ५५ काही मिळाले नाही. व्हाइटबाईंच्या मागणीत एक निराशा गृहीत होती, ती लक्षात घ्यावी. या बायकांना पुन्हा काम मिळणार नाही, तेव्हा निदान म्हातारपण तरी लवकर सुरू होऊ द्या, असा तिचा अर्थ.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४२ च्या डिसेंबरात, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा प्रसिद्ध अहवाल आला. (बेव्हरिज यांचा जन्म रंगपूरचा, म्हणजे तेव्हाच्या बंगालमधला. वडील इथे सनदी नोकरीत होते.) ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया म्हणून हा अहवाल सगळ्यांना ठाऊक असतो आणि वाचलेला फार थोड्यांनी असतो. मीही तो दुसऱ्याच कामासाठी उघडला होता. त्यात माणसाला गरज का पडते याची आठ मूळ कारणे दिली आहेत. बेकारी, अपंगत्व, निवृत्ती वगैरे त्यात आहेतच. पण एक कारण वाचून मी थबकलो. पगारी नोकरीवर अवलंबून नसलेल्या माणसाचे उपजीविकेचे साधन जाणे, हे ते कारण. त्यावर बेव्हरिज यांनी सुचवलेला उपाय म्हणजे 'ट्रेनिंग बेनिफिट', प्रशिक्षणाच्या काळातला निर्वाहभत्ता. मुदत जास्तीत जास्त २६ आठवडे. ज्याची आधीची उपजीविका गेली, मग ती पगारी असो की बिनपगारी, त्याला नवे काम शिकता यावे म्हणून.

'बिनपगारी उपजीविका' हा शब्दप्रयोग आजही विचित्र वाटेल. पण बापाचे घर चालवणाऱ्या, आईला न्हाऊ-माखू घालणाऱ्या अविवाहित मुलीची स्थिती नेमकी तीच होती. काम होते, पोट भरत होते, पगार नव्हता. बाप गेला की एकाच दिवशी बापही जायचा आणि कामही. बिनपगारी घरकामात असलेल्या अविवाहित स्त्रियांना बेव्हरिज यांनी विम्याच्या वर्गवारीत जागा दिली होती, आणि मूलबाळ नसलेल्या विधवेलाही तेरा आठवड्यांच्या मदतीनंतर हाच प्रशिक्षणाचा मार्ग सांगितला होता.

हा लाभ कधी मिळालाच नाही. १९४६ चा राष्ट्रीय विमा कायदा आला, त्यात बेकारी, आजारपण, बाळंतपण, वैधव्य, अनाथ मुलांच्या पालकांचा भत्ता, निवृत्ती आणि अंत्यविधीचे अनुदान असे सात लाभ आहेत. प्रशिक्षणाचा त्यात नाही. युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामावर कसे लावायचे, या विवंचनेत असलेल्या देशाला पन्नाशीतल्या मुली आठवल्या नसाव्यात, हा माझा तर्क. पण या एका वगळण्याची किंमत पुढची साठ वर्षे चुकवली गेली, असे मला वाटते.

*

१९५४ साली मेरी वेब्स्टर ३१ वर्षांच्या होत्या. काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमध्ये त्या धर्मोपदेशक होत्या. त्या काळी बाईने त्या पदावर असणे हीच अपूर्वाई. आईवडील थकले म्हणून त्यांनी ते काम सोडले आणि घरी आल्या. नऊ वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांनी पत्रे लिहायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांना, खासदारांना, उमरावांना. आपल्यासारख्या अविवाहित मुलींचे उत्पन्न थांबते, मित्रमैत्रिणी तुटतात, विम्याचे हप्ते चुकतात, असा त्यांचा मजकूर. उत्तरादाखल देशभरातून शेकडो बायकांची पत्रे आली. आपल्या घराच्या चार भिंतींत जे चालले आहे ते शेजारच्या गल्लीतही चालले आहे, हे या बायकांना त्या पत्रांमुळे कळले. १९६५ साली 'नॅशनल कौन्सिल फॉर द सिंगल वुमन अँड हर डिपेंडंट्स' ही संस्था उभी राहिली. वेब्स्टरबाईंना ती फार काळ पाहता आली नाही. १९६९ मध्ये त्या वारल्या.

संस्थेच्या रेट्याने गोष्टी भराभर घडल्या. १९६७ मध्ये प्राप्तिकरात सवलत. १९७१ मध्ये 'अटेंडन्स अलाउन्स', म्हणजे ज्याला सतत मदतनीस लागतो त्या रुग्णाला भत्ता. आणि १९७६ च्या जुलैत 'इनव्हॅलिड केअर अलाउन्स'. सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या हातात पडणारा हा पहिला पैसा. आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्याला तो मिळे.

मात्र तो विवाहित स्त्रीला मिळत नसे. नवरा असलेल्या किंवा पुरुषाबरोबर राहणाऱ्या बाईला तो नाकारलेला होता. १९७४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत दिलेले कारण थोडक्यात असे, की या बायका नाहीतरी घरीच असतात. ते वाक्य वाचताना मला पतसंस्थेतले ते गृहस्थ आठवले. 'नाहीतरी घरीच' हा शब्दप्रयोग आपल्याकडे रोज कानावर पडतो. सुनेला, धाकट्या नणंदेला, नोकरी गेलेल्या दिराला. तोच लंडनच्या मंत्रालयात बसून धोरण झाला होता.

या भत्त्याला आणखी दोन अटी होत्या आणि परतीच्या वाटेच्या दृष्टीने त्याच कळीच्या आहेत. एक, ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमाई झाली की त्या आठवड्याचा भत्ता पूर्ण बंद. थोडा कापला जाणे वगैरे नाही, एका पौंडाने रेषा ओलांडली तरी सगळाच जायचा. दुसरी, पूर्णवेळ शिक्षण घ्यायचे नाही. आठवड्याला २१ तास किंवा अधिक शिकवणीत बसलात तर भत्ता गेला. म्हणजे घरी राहा, पैसे देतो. काम केले तर देणार नाही आणि कामासाठी शिकू लागलात तरी देणार नाही. बेव्हरिज यांनी भत्ता शिकण्यासाठी सुचवला होता. प्रत्यक्षात आला तो न शिकण्याच्या अटीवर.

विवाहित स्त्रियांवरचा अन्याय दूर झाला तो एका बाईच्या खटल्यामुळे. जॅकलिन ड्रेक १९८४ पर्यंत कधी पूर्णवेळ, कधी अर्धवेळ नोकऱ्या करीत होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांची गंभीर अपंगत्व असलेली आई त्यांच्याकडे राहायला आली आणि त्यांनी काम सोडले. १९८५ च्या फेब्रुवारीत भत्त्यासाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोचले. २४ जून १९८६ रोजी निकाल लागला आणि ड्रेकबाई जिंकल्या. गमतीचा भाग असा, की आदल्याच दिवशी ब्रिटिश सरकारने हा भत्ता विवाहित स्त्रियांनाही लागू करण्याची घोषणा करून टाकली होती. हरण्याच्या आदल्या संध्याकाळी उदार होणे ही कला सगळ्याच सरकारांना अवगत असते.

निकालाचा गाजलेला भाग स्त्री-पुरुष समानतेचा आहे. मला महत्त्वाचा वाटला तो दुसराच. युरोपीय निर्देश फक्त 'कामकरी लोकसंख्येला' लागू होता. सरकारचे म्हणणे, हा भत्ता त्या निर्देशाच्या कक्षेतच येत नाही. न्यायालयाने उलट कौल दिला. या बाईने काम सोडले ते आईच्या अपंगत्वामुळे. आजारी पडल्याने काम थांबलेला मनुष्य जसा कामकरीच राहतो, तशीच दुसऱ्याच्या आजारपणाने काम थांबलेली ही मुलगीही कामकरी लोकसंख्येतच आहे. घरी असलेली बाई कामावरच आहे, तिचे काम फक्त थांबलेले आहे, असे एका न्यायालयाने ठरवले. परतीची वाट म्हणायची तर ती इथे मोकळी झाली, कारण जो बाहेर गेलाच नाही त्याला आत घेण्याचा प्रश्नच वेगळा असतो.

या तर्काची दुसरी बाजू लपवता येणार नाही. तीनच वर्षांनी, १९८९ मध्ये, काही डच स्त्रियांच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले, की ज्यांनी कधी नोकरी केलीच नाही, किंवा अशा कारणासाठी सोडलेली नाही, त्या कामकरी लोकसंख्येत येत नाहीत. आधी नोकरी होती म्हणूनच ड्रेकबाई जिंकल्या होत्या.

*

दरम्यान १९८१ साली ज्युडिथ ऑलिव्हर यांनी 'असोसिएशन ऑफ केअरर्स' काढली. त्यांचे पती अपंग होते. जुन्या संस्थेच्या 'अविवाहित मुलगी आणि म्हातारे आईबाप' या चौकटीत त्या बसत नव्हत्या. नात्याची अट काढून टाकून सांभाळणारा प्रत्येक जण आपला, ही त्यांची भूमिका. १९८५ च्या सरकारी कुटुंब-पाहणीत पहिल्यांदाच शुश्रूषेविषयी प्रश्न विचारला गेला आणि ब्रिटनमध्ये ६० लाख सांभाळणारे आहेत असा अंदाज निघाला. ३५ लाख स्त्रिया, २५ लाख पुरुष. पुरुषांचा आकडा पाहून तज्ज्ञही चमकले. मी चमकलो नाही. घरी बसलेला पुरुष आपण काय करतो हे चारचौघांत सांगत नाही, एवढेच त्याचे कारण. १९८८ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या, आणि आजची 'केअरर्स यूके' ही त्यांचीच वारस.

प्रशिक्षण मात्र दुसऱ्याच दाराने येत होते. १९७१ साली हॅटफील्ड पॉलिटेक्निकमध्ये रूथ मायकेल्स यांनी 'न्यू अपॉर्च्युनिटीज फॉर विमेन' हा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी नॅन्सी सीअर यांचा, खंड पडलेल्या स्त्रियांच्या नोकरीत परतण्याविषयीचा अभ्यास पॅरिसच्या ओईसीडी संस्थेने प्रसिद्ध केला. सत्तरच्या दशकात असे वर्ग वाढत गेले. त्यांतली मूळ जाण आजही टिकून आहे. इतकी वर्षे घरात गेल्यावर कौशल्य गंजते त्यापेक्षा भीड जास्त चढते. म्हणून या वर्गांत अभ्यासाबरोबर समुपदेशन असे. आपल्याला काय येते याची यादी करायला लावणे, मुलाखतीची रंगीत तालीम, फोनवर बोलण्याचा सराव.

पण हे वर्ग डोळ्यांपुढे ठेवत होते ती लहान मुलांची आई. वेळापत्रक शाळेच्या घंटेवर बेतलेले. आणि मूल मोठे होते. त्याचे परावलंबन वर्षावर्षाने कमी होत जाते, ते केव्हा संपेल हे साधारण ठाऊक असते. अंथरुणाला खिळलेल्या बापाचे तसे नसते. तिथे परावलंबन वाढत जाते, आणि ते संपण्याची वाट पाहणे म्हणजे बापाच्या मरणाची वाट पाहणे. 'मोकळी झाल्यावर काय करणार?' हा प्रश्न आईला विचारता येतो. शुश्रूषा करणाऱ्या मुलीला तो कसा विचारायचा? तो मनात आल्याबद्दलही तिला अपराधी वाटते. म्हणून सांभाळणाऱ्यांचे समुपदेशन हे निव्वळ नोकरीचा सल्ला असू शकत नाही, त्यात शोकाचा आणि अपराधी भावनेचा भाग येतोच. ब्रिटनमध्ये १९५९ साली मार्गरेट टॉरी यांनी 'क्रूज' ही संस्था काढली, तीत शोकाचे सांत्वन आणि रोजच्या व्यवहाराचा सल्ला एकत्र दिला जाई. पण ती होती विधवांसाठी. नवरा गेलेल्या बाईला शोकाचा अधिकार होता. आई गेलेल्या पन्नाशीतल्या मुलीला लोक म्हणत, सुटलीस.

हे वाचताना मला राहून राहून आपले पुणे आठवत होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्या काळची वाड्यातली विधवा म्हणजे घराची हक्काची, बिनपगारी परिचारिका. कोणाचे बाळंतपण असो, कोणाचा विषमज्वर, रात्री उशाशी तीच. सेवासदनने अशा स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठवले. पुष्कळ ओरड झाली. परक्या पुरुषांचे, परक्या जातींचे अंग पुसायचे हे पांढरपेशा घरांना झेपणारे नव्हते. घरात हीच बाई हेच काम करीत होती तोवर मात्र कोणाची हरकत नव्हती. हाताला तेच काम, पण त्याला नाव मिळाले, परीक्षा आली, पगार आला. ब्रिटनमध्ये सांभाळणाऱ्याच्या कामाला प्रमाणपत्र देण्याची कल्पना येण्याच्या नव्वदेक वर्षे आधीची ही गोष्ट. फरक एवढाच, की सेवासदनची विद्यार्थिनी वाड्यातून बाहेर पडली तेव्हा वाड्यातला दुखणाईत दुसऱ्या कोणा बाईच्या गळ्यात पडला असणार. त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

*

१९९५ साली ब्रिटनमध्ये सांभाळणाऱ्यांना कायद्याने पहिल्यांदा मान्यता मिळाली. स्थानिक प्रशासनाने त्यांची 'पाहणी' करावी, म्हणजे अधिकाऱ्याने भेटून त्यांची गरज समजून घ्यावी, अशी तरतूद झाली. ती पाहणी कशाची, हे मूळ शब्दांत पाहण्याजोगे आहे. शुश्रूषा करण्याची आणि ती पुढे चालू ठेवण्याची त्यांची क्षमता किती, याची. गाडीचे टायर अजून किती किलोमीटर जातील हे बघावे तसे.

ते बदलले ते एका इतिहासकाराने, याचा मला, इतिहासाच्या हौशी अभ्यासकाला, वेगळा आनंद आहे. हायवेल फ्रान्सिस हे दक्षिण वेल्सचे. वडील खाण कामगारांचे पुढारी. स्वतः हायवेल यांनी त्या कामगारांच्या संघटनेचा इतिहास डेव्हिड स्मिथ यांच्याबरोबर लिहिला, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे स्वान्सी विद्यापीठात ते प्रौढ शिक्षणाचे प्राध्यापक झाले. १९८४-८५ च्या खाणसंपात डुलाइस खोऱ्यातल्या बायकांनी अन्नछत्रे चालवली, सभा गाजवल्या. संप हरला. पण त्यातल्या काही जणींनी बॅनवेन या गावी 'डव्ह वर्कशॉप' नावाचे शिक्षणकेंद्र उभे केले. घराजवळ, मुलांना सांभाळण्याची सोय असलेले. ज्या खोऱ्यांत कोळशाच्या धुळीने फुप्फुसे गेलेले नवरे आणि बाप घराघरांत धापा टाकत पडलेले असत, तिथल्या बायकांना शिकायचे असेल तर शिक्षणाला त्यांच्या दारापर्यंत यावे लागते, हे फ्रान्सिस यांनी जवळून पाहिले. त्यांचा स्वतःचा एक मुलगा डाउन सिंड्रोम असलेला होता. तो १९९७ मध्ये, सोळाव्या वर्षी गेला.

२००१ मध्ये फ्रान्सिस मजूर पक्षातर्फे ॲबराव्हॉनमधून निवडून आले. त्यांनी मांडलेल्या अशासकीय विधेयकातून २००४ चा 'केअरर्स (इक्वल अपॉर्च्युनिटीज) ॲक्ट' झाला आणि एप्रिल २००५ पासून अमलात आला. कायदा अगदी आटोपशीर आहे. त्याचा गाभा असा, की पाहणी करताना अधिकाऱ्याने हे लक्षात घ्यायलाच हवे, की सांभाळणारी व्यक्ती नोकरी करते का किंवा करू इच्छिते का, शिक्षण, प्रशिक्षण किंवा विरंगुळ्याचे काही करते का किंवा करू इच्छिते का.

करू इच्छिते का. एवढेच. यात पैसे नाहीत, जागा राखीव नाही, हमी नाही. तरीही मला हा कायदा ड्रेक निकालाच्या तोडीचा वाटतो. 'अजून किती दिवस ओढाल?' या प्रश्नाशेजारी 'तुम्हाला काय करायचे आहे?' हा प्रश्न सरकारी कागदावर आला, आणि तो रुग्ण जिवंत असताना विचारायचा होता. मरणाची वाट न पाहता.

प्रश्नाला उत्तर देण्याची काही सोय त्याच सुमारास होत होती. युरोपीय सामाजिक निधीच्या 'इक्वल' कार्यक्रमातून केअरर्स यूकेच्या पुढाकाराने 'ॲक्शन फॉर केअरर्स अँड एम्प्लॉयमेंट' हा प्रकल्प २००२ पासून चालला. त्यातून सिटी अँड गिल्ड्स या जुन्या परीक्षासंस्थेने खास बिनपगारी सांभाळणाऱ्यांसाठी व्यक्तिविकासाचे प्रमाणपत्र आणले. संगणकावरून, सवडीने करता येणारे. औषधांचे वेळापत्रक सांभाळणे म्हणजे नियोजन, रुग्णालयाशी आणि विमेवाल्यांशी भांडणे म्हणजे वाटाघाटी, घरखर्च म्हणजे अंदाजपत्रक, अशी त्यात कामाची नावे बदलली जातात. वाचताना मला प्रथम हसू आले. शुश्रूषेला दफ्तरी भाषेचे कपडे चढवल्यावर काहीतरी निसटते, हे खरेच आहे. पण मग तो 'अनुभव' नावाचा रकाना आठवला, आणि हसू गेले.

२००८ च्या जूनमध्ये सरकारने सांभाळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. काम आणि शुश्रूषा यांची सांगड घालता यावी यासाठी ३ कोटी ८० लाख पौंडांपर्यंतची तरतूद होती. रोजगार केंद्रांतल्या सल्लागारांना या विषयाचे प्रशिक्षण, प्रत्येक विभागात खास अधिकारी, आणि सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रशिक्षणाला गेलेल्या वेळात घरच्या रुग्णाजवळ बसणाऱ्या बदली माणसाचा खर्च. शिकायला पाठवायचे तर आधी उशाशी बसायला दुसरे कोणीतरी हवे, हे साधे गणित सुटायला १९४२ पासून ६६ वर्षे लागली. त्यानंतर दोन वर्षांत सरकार बदलले, काटकसरीचे दिवस आले आणि सांभाळणाऱ्यांसाठीचा 'केअरिंग विथ कॉन्फिडन्स' हा प्रशिक्षणक्रम २०१० मध्येच गुंडाळला गेला.

आपल्याकडची स्थिती दोन वाक्यांत सांगता येते, म्हणून सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 'केअरगिव्हर'च्या व्याख्येत आईवडील आणि इतर कुटुंबीय येतात, मोबदला घेणारे आणि न घेणारे दोन्ही, आणि जास्त मदत लागणाऱ्या दिव्यांगांसाठी शुश्रूषा-भत्त्याचाही त्या कायद्यात उल्लेख आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातल्यांच्या देखभालीत सहभागी दिसतात, स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटे आणि पुरुष ७४ (यात मुलांचे संगोपनही आले). या माणसांना तुम्हाला काय करायचे आहे, असे कोणी विचारायचे, याची तरतूद माझ्या वाचनात आलेली नाही.

ब्रिटनमध्ये आता नोकरदाराला घरच्या शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवड्याची रजा कायद्याने मिळते, एप्रिल २०२४ पासून, बिनपगारी. भत्त्याचे नाव २००३ मध्येच 'केअरर्स अलाउन्स' झाले. रुग्ण वारल्यावर तो लगेच थांबत असे, २००२ पासून आठ आठवडे चालू राहतो. २०२५-२६ चा दर आठवड्याला ८३.३० पौंड, ३५ तासांनी भागले तर तासाला २ पौंड ३८ पेन्स. कमाईची रेषा एप्रिल २०२५ मध्ये १५१ वरून १९६ पौंडांवर गेली. पण एका पौंडाने ओलांडली तरी सगळा भत्ता जाणे कायम आहे, आणि नकळत ती रेषा ओलांडलेल्या हजारो सांभाळणाऱ्यांकडून सरकारने वर्षांनुवर्षांची वसुली काढली, काहींवर खटलेही भरले. त्यावर गेल्या दोन वर्षांत बराच गदारोळ झाला.

२१ तासांची अटही आहे तिथेच आहे. स्कॉटलंडने आपला वेगळा भत्ता नोव्हेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणला आणि त्यात वीस वर्षांवरच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना घेतले. सीमेच्या दक्षिणेला, इंग्लंडमध्ये, आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीने परिचारिकेच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला नाव घातले, तर पहिल्या आठवड्यातच तिचा भत्ता बंद होतो.